मायवर लक्ष

आमच्या घरची तुरीची डाळ कधी निवडून संपायचीच नाही. दुसऱ्यांच्या घरी उन्हाळ्यात एकदा डाळ भरडली, पाखडली, निवडली, डब्यात भरली की झालं. वर्षभर कोणी तिच्याकडे पाहत नसे. आमच्याकडे सूप बारा महिने ओसरीवर. शाळेतून आले की दप्तर खुंटीला आणि सूप मांडीवर. मला वाटायचं, आमच्याच वावरात एवढे खडे कुठून येतात? मग एका संध्याकाळी मी बाबांना पाहिलं. त्यांनी अंगणाच्या कोपऱ्यातून मूठभर बारीक खडे उचलले, फुंकर मारून माती उडवली आणि मी दुपारभर बसून निवडलेल्या डाळीत मिसळून टाकले. वरून हात फिरवून डाळ सारखी केली. मी दारात उभी आहे हे पाहून ते दचकलेही नाहीत. "नाई मिसळले तं उद्या काय करत बसशीन?" एवढंच म्हणाले आणि बैलांना पाणी पाजायला निघून गेले.

सूप हे निमित्त होतं. खरं काम मायवर लक्ष ठेवायचं, आणि ते तिला कळू द्यायचं नव्हतं.

माझ्या पाठचा भाऊ रांगायला लागला होता आणि तापात गेला. त्याच्याबद्दल जास्त लिहीत नाही. लिहिण्याइतका तो आमच्याजवळ राहिलाच नाही. तो गेल्यावर माय रडली नाही. बायकांनी तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवले, "रड वं बाई, मोकळी हो" म्हणून विनवलं. ती आपली भिंतीला टेकून बसलेली. पुढे तिचं बोलणं कमी होत गेलं आणि चालणं वाढलं. हातातलं काम टाकून ती उठायची आणि निघायची. तव्यावर भाकर, चुलीत जळतं लाकूड, आणि माय रस्त्याला, पायात चप्पल नाही. तिचं माहेर कामरगावचं. लोक म्हणायचे, माहेराची ओढ लागली तिले. पण कामरगावच्या वाटेला ती कधी लागली नाही. उलट्या बाजूला जायची, जिकडे आपलं म्हणावं असं कोणीच नव्हतं. कधी वावरांकडे जाणाऱ्या पांदणीत सापडायची, कधी बसथांब्यावर बाजाराला निघालेल्या बायकांमध्ये बसलेली. बाबा जवळ जाऊन म्हणायचे, "चाल वं, घरी जाऊ," की मुकाट्याने उठून मागे यायची. कुठे निघाली होती ते तिला सांगता यायचं नाही. मला वाटतं, तिलाही ते माहीत नव्हतं.

एकदा ती थेट मोठ्या सडकेवर गेली. ट्रकवाल्याने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून वाचली, आणि त्याने खाली उतरून आमच्या अख्ख्या गावाला, इंझोरीला, शिव्या घातल्या. त्या दिवशी बाबांनी मला गोठ्यात बोलावलं. ते कमी बोलायचे, आणि महत्त्वाचं असलं की बैलाच्या पाठीवर हात ठेवून, बैलाकडे पाहून बोलायचे. "सुनी, आता तुह्या मायच्या मांगंमांगं राहाचं. नजरेआड होऊ द्याचं नाई. पन तिले समजलं नाई पाह्यजे."

"काहून?"

"ढोराईले राखतात. मानसाले कोनी राखते काय? तिले समजलं ना, तं ती मंग या घरात बाई म्हनून राह्यनार नाई."

मी तेव्हा आठवीत होते. माझं वय खेळायचं होतं वगैरे मी म्हणणार नाही. आमच्या गल्लीत त्या वयाच्या पोरी वावरात तण निंदायला जायच्या. पण निंदणं संध्याकाळी संपतं. हे काम संपत नसे. सकाळी बाबा गोठ्यात असले तरी दारावर त्यांचा डोळा. ते वावरात गेले की पाळी माझी. मी दिवसातून दोनदा मायकडून वेणी घालून घ्यायची, कारण वेणी होईपर्यंत ती जागची हलत नसे. विहिरीवर तिच्यासोबत जायची, बादली धरायच्या निमित्ताने. शाळेची घंटा झाली की शेजारची कमलाकाकू गोधडी घेऊन आमच्या ओसरीवर यायची, "माह्या घरी उजेड नाई वं पुरत" म्हणत. तिच्या घरी आमच्यापेक्षा जास्त उजेड होता. मधल्या सुटीत मी पळत घरी, माय दिसली की पळत परत. डबा कित्येकदा तसाच वापस यायचा आणि मी तो गाईला घालायची.

त्या वर्षी तूर विकल्यावर बाबांनी वाशीमहून चांदीच्या तोरड्या आणल्या. चांगल्या जाड, घुंगरांच्या. माय त्या घालून अंगणात आली तेव्हा बायका तोंडाला पदर लावून पाहत राहिल्या. "पाह्य वं, नवऱ्याचा जीव!" कमलाकाकू म्हणाली. जीव होताच, त्यात खोटं काहीच नव्हतं. पण तोरड्या आवाजासाठी आणल्या होत्या, हे बाबांना आणि मला माहीत होतं. त्यानंतर आम्ही दोघं आवाजावर जगू लागलो. छुमछुम चुलीपाशी, छुमछुम मोरीपाशी, मग परसात. आवाज चालू असला की मी निवांत गणितं सोडवायची. आवाज थांबला की पेन्सिल थांबायची. माय बसली असेल, की दाराबाहेर मऊ मातीत उतरली असेल? मग मी काहीतरी विचारायला म्हणून उठायची, "माय, सुई कुठं हाये?" आमच्या घरात सुईची जेवढी विचारपूस झाली तेवढी कोणाच्याच घरात झाली नसेल. अजूनही, कोणाच्या पैंजणांचा आवाज मध्येच थांबला की माझी मान आपोआप वळते. सुनेला वाटतं सासू तिच्या मागावर आहे. तिला काय सांगायचं, म्हणून मी सांगत नाही.

आणि मग माय बरी व्हायला लागली. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण लोक ते विसरले. थंडीचे दिवस होते, तुरीच्या शेंगा भरल्या होत्या, घराघरांत ओल्या दाण्यांची, सोल्यांची भाजी शिजत होती. एक दिवस आम्ही दोघं जेवायला बसलो तर ताटात कढीगोळे. भाऊ गेल्यापासून आमच्याकडे वरण-भाकर किंवा ठेचा-भाकर, बस. कढीगोळ्याला डाळ भिजवावी लागते, वाटावी लागते, कढी हलवत उभं राहावं लागतं. म्हणजे आदल्या रात्री तिने दुसऱ्या दिवसाचा विचार केला होता. तिने बाबांना वाढलं आणि विचारलं, "मीठ बराबर हाये काय वो?" बाबांचा घास हातातच राहिला. कढीत मिठाचा खडाही नव्हता. "एकदम बराबर," ते म्हणाले, आणि वाटीभर आणखी मागून घेतली. मीही घेतली. अळणी कढी आम्ही बोटं चाटत खाल्ली आणि एकमेकांकडे पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर दोघांपैकी एक जण रडला असता.

पुढे ती रागवायलाही लागली. मी वेणीसाठी पाठ केली की म्हणायची, "आत्ता तं घातली! उवा झाल्या काय तुले?" मला एवढा आनंद व्हायचा की मी मुद्दाम केस विस्कटून पुन्हा जायची. पौर्णिमेला ती बायकांसोबत विहारात जाऊन आली, सगळ्यांबरोबर वंदनेला बसली, सगळ्यांबरोबर परत आली. मी अर्थातच मागे होते, पण थोडी दूर. बाबांनी डाळीतल्या खड्यांची मूठ अर्धी केली. मी मनात ठरवून टाकलं होतं की होळीपर्यंत आपली माय आपल्याला पूर्ण वापस मिळते. मला दुसरं काही नकोच होतं. पास होणं नको, नवं दप्तर नको. माय पाहिजे होती, पहिल्यासारखी, मागून धपाटा घालणारी.

आमचे इंग्रजीचे सर त्याच साली बदलून आले होते. कुठले तरी पश्चिमेकडचे, पुस्तकातलं मराठी बोलणारे. आमचं "मले-तुले" ऐकून हसायचे नाहीत, एवढ्यावरच आम्ही त्यांना चांगलं म्हणायचो. त्यांना गाईडमधल्या वाक्यांचा भारी तिटकारा. रोज एक इंग्रजी वाक्प्रचार फळ्यावर लिहायचे, अर्थ सांगायचे आणि एकेकाला उभं करायचे. "गाईडमधलं चालणार नाही. आपल्या घरातलं वाक्य पाहिजे. घरात जे होतं ते इंग्रजीत सांगा." त्या दिवशी फळ्यावर होतं, टु कीप ॲन आय ऑन. सरांनी अर्थ सांगितला: एखाद्यावर बारीक लक्ष ठेवणे, नजरेआड होऊ न देणे. मी तो अर्थ ऐकला आणि मला वाटलं, अरे, या कामाला त्यांच्याकडे नाव आहे! सातासमुद्रापलीकडची माणसंही हे करत असतील, तेही कुठल्या ओसरीवर असेच बसत असतील. मला फार बरं वाटलं. हसू नका, खरंच बरं वाटलं.

पहिला पोरगा उठला, त्याने सामानावर लक्ष ठेवलं. सर म्हणाले, "तुझ्याकडे कुठलं रे सामान? पाटी-दप्तर?" वर्ग हसला. दुसऱ्याचे वडील बैलांवर लक्ष ठेवत होते. ते सरांना आवडलं. मग माझी पाळी आली. मी उठले आणि एका दमात म्हणाले, "आय कीप ॲन आय ऑन माय मदर."

"छान. फक्त उलटं झालं," सर म्हणाले. "आई मुलीवर लक्ष ठेवते. कर बघू नीट."

"नाई सर. बराबर हाये."

"बरोबर कसं?"

"मीच ठेवतो."

आमच्याकडे बायाही मी येतो, मी जातो असंच बोलतात, म्हणून सरांना आधी कळायला वेळ लागला. वर्ग खिदळायला लागला होता. मागून कोणीतरी म्हणालं, "तिची माय बिमार राह्यते सर." हसणं थांबलं. सर मऊ आवाजात म्हणाले, "बस." मी बसले नाही. मला राग आला होता. "माहं वाक्य चुकलं काय?" मी विचारलं. ते म्हणाले, "नाही, नाही चुकलं." तेव्हा मी बसले. पुढे मी सगळी नोकरी इंग्रजी शिकवण्यात घालवली, हजारो पोरापोरींची वाक्यं तपासली, आणि त्या वाक्यात मला आजही चूक सापडत नाही. कोणाला वाटत असेल की मी आता इथे पश्चात्ताप करीन, तर तसं होणार नाही. मी खरं तेच बोलले होते. सरही वाईट नव्हते. कोणीच वाईट नव्हतं, आणि त्यामुळेच कोणावर खापर फोडून मोकळंही होता येत नाही.

रविवारी सर सायकलवर आमच्या घरी आले. माझ्यासाठी त्यांनी त्यांची जुनी डिक्शनरी आणली होती. बाबांनी धावपळ करून बाजेवर सतरंजी टाकली. मायने डोक्यावर पदर घेऊन चहा टाकला, घुंगरं वाजत होती, तिचा चेहरा त्या दिवशी किती चांगला होता! चहाचा कप देताना तिने स्वतःहून विचारलं, "पोरगी हुशार हाये काय सर माही?"

बाबांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. माय परक्या माणसाशी बोलत होती. आणि सर, बिचारे, तेवढ्याचीच वाट पाहत असावेत. त्यांना वाटलं होतं, घरात अंथरुणाला खिळलेली बाई असेल. ही तर हिंडती-फिरती, चहा करणारी. म्हणजे मुलीच्या सेवेने बरी झाली, असं त्यांनी मनाशी धरलं. "हुशार तर आहेच," ते म्हणाले, "पण गुणी किती! परवा वर्गात सगळ्यांनी गाईडातली वाक्यं केली. तुमच्या मुलीने काय वाक्य केलं माहीत आहे?"

मी डोळे मोठे केले. मान हलवली. सर मायकडे पाहत होते.

"काय वाक्य?" माय म्हणाली.

"ती म्हणाली, मी माझ्या आईवर लक्ष ठेवते. तिला नजरेआड होऊ देत नाही. एवढं खरं वाक्य वर्गात कोणी केलं नाही. भाग्यवान आहात तुम्ही."

"हो काय," माय म्हणाली. बाबा जोरात खोकले, काय तरी पिकाबिकाचं विचारायला लागले. मायने किटलीतला उरलेला चहा सरांच्या कपात ओतला, एक थेंब सांडला नाही. सर खुशीत चहा प्यायले, मला डिक्शनरी कशी पाहायची ते शिकवलं आणि सायकलवर टांग टाकून गेले. मी आणि बाबा त्यांना पोचवायला कोपऱ्यापर्यंतही गेलो नाही, तेवढी हिंमत नव्हती. वळलो तर माय ओसरीवर बसलेली, सूप तिच्या मांडीवर.

तिने डाळीतून एक खडा काढला आणि बोटात धरून पाहिला. "हे खडे कोन मिसळते, मले माहीत हाये," ती म्हणाली.

बाबा खाली पाहत उभे.

"मले वाटे, यायच्या मनाचं समाधान होते तं होऊ द्या. वेनी दोनदा कायले पाह्यजे, तेबी समजे. तोरड्या कायले आनल्या, तेबी. मी काय एवढी बह्याड नाई झाली." ती अगदी शांत बोलत होती, रागाचा लवलेश नाही. "पन माह्या पोरीले भर वर्गात उभं राहून सांगा लागते, हे नव्हतं माहीत."

"माय, मी तसं नाई..."

"तू खरंच बोलली. खरं बोललं तं काय झालं?" तिने माझ्याकडे पाहिलं. "मधल्या सुटीत पळत येतं तू. डबा गाईले घालतं. हाडं दिसून राह्यले तुहे. उद्यापासून येऊ नोको. मी कुठं हावो, काय करून राह्यली, ते मीच सांगत जाईन. मंग तं झालं?"

"अवं, तसं नाई वं..." बाबा म्हणाले.

"मंग तं झालं ना?"

तिने सुपातली डाळ खड्यांसकट डब्यात ओतली, झाकण लावलं आणि सूप भिंतीला टेकवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धूत होते तेव्हा आतून आवाज आला. "मी चूल पेटवून राह्यली." मला वाटलं, बाबांशी बोलते आहे. बाबा गोठ्यात होते. थोड्या वेळाने, "मी पीठ घेतो." मग, "मी आता भाकर थापून राह्यली." मी दप्तर घेऊन निघाले तर ती उंबऱ्यात येऊन बसली आणि मी गल्लीच्या वळणावर पोचेपर्यंत मागून ओरडून सांगत राहिली, "मी दारात बसून हावो वं! मी इथंच हावो!" सगळी गल्ली ऐकत होती. मधल्या सुटीत मी घरी गेले नाही. डबा उघडला, समोर ठेवला, आणि संध्याकाळी तो तसाच गाईला घातला.

गावाला आनंद झाला. बोलायला लागली, बाई बोलायला लागली! कमलाकाकूने गूळ वाटला. बाया म्हणाल्या, मास्तरचा पाय चांगला लागला या घराले. आणि खरंच, त्या रविवारनंतर माय एकदाही निघून गेली नाही. पण ती कुठेच गेली नाही. विहारात नाही, विहिरीवर बायकांत नाही, शेजारी हळदीला नाही. कामरगावला मामाच्या पोरीचं लग्न होतं, मामा जीप घेऊन न्यायला आला, तर म्हणाली, "मी घरीच हावो." पुन्हा कढीगोळे झाले नाहीत, मला कोणी उवांवरून बोललं नाही. ती फक्त सांगायची. उठली की सांगायची, बसली की सांगायची, मोरीत जाताना, परसात जाताना, पाणी पिताना. दुसरं वाक्य नाही. होळी आली आणि गेली. आम्ही जिला एवढे दिवस मागे ओढत होतो, ती थांबली होती, आणि आमच्याकडे परत आली नव्हती. आता आम्हाला तिच्यावर लक्ष ठेवायचंही काम उरलं नाही. बाबा ओसरीवर रिकामे हात घेऊन बसायचे.

त्यांनी किती विनवलं तिला! "आमाले भरोसा हाये वं तुह्यावर. नोको सांगू. जाय, कुठं जाचं तिकडं जाय." ती मान हलवायची. आणि उठताना, "मी पानी आनतो." मी एकदा भडकले. परीक्षा होती, डोकं दुखत होतं, मी किंचाळले, "मले नाई आयकाचं! चूप बस ना वं माय!" ती चूप बसली. मग भांडी घासायला उठली आणि मी पाहिलं, तिचे ओठ हलत होते. आवाज न करता ती सांगत होती. त्यानंतर मी कधी तिला गप्प केलं नाही. तो आवाज परवडला.

मी पुढे वाशीमला शिकायला गेले, वसतिगृहात राहिले. लोक म्हणाले, पोरीने नाव काढलं. बाबा भेटायला यायचे तेव्हा मी विचारायची, आता कोणाला सांगते? ते म्हणायचे, बसच्या टायमाले रस्त्याकडं तोंड करून उभी राह्यते आन् सांगते. सगळं सांगते. त्यांचे केस त्या काळात एकदम पांढरे झाले. खोलीत बाकीच्या पोरी हसत-खिदळत असायच्या आणि मी पुस्तक उघडून बसायची, आणि मला वाटायचं, आत्ता ती म्हणत असेल, मी दिवा लावून राह्यली. बाबा गेले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, रडारड चालली होती. माय त्यांच्या उशाशी बसली आणि त्यांच्या कानाजवळ वाकून म्हणाली, "मी तुमच्यापाशीच हावो." पुन्हा थोड्या वेळाने तेच. लोक म्हणाले, किती प्रेम. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

मग मी तिला वाशीमला आणलं; तिथेच माझी नोकरी आणि संसार होता. डॉक्टरांना दाखवलं. मोठ्या डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं, आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी ती दिवसभर झोपायची आणि झोपेत सांगायची. त्या बंद केल्या. माझी मुलं तिच्या आवाजातच मोठी झाली. त्यांना ती कधी विचित्र वाटली नाही. धाकटा तिला लाऊडस्पीकर आजी म्हणायचा आणि उलट तिला सांगायचा, "आजी, मी पेन्सिल सोलून राह्यलो." ती हसायची नाही, पण ऐकून घ्यायची. त्या पोराला मी कधी रागावले नाही. घरात तो एकटाच तिच्याशी बोलत होता, बाकी आम्ही सगळे नुसते ऐकत होतो. मी शाळेत निघाले की ती गॅलरीत खुर्चीवर बसायची आणि खाली ऑटोच्या आवाजावरून ओरडायची, "मी खुर्चीवर बसून हावो!" चौकातला पानवाला मला म्हणायचा, "मॅडम, माताजी आवाज देऊन राह्यल्या." मी म्हणायची, हो, माहीत आहे.

यंदा मी निवृत्त झाले. शाल-श्रीफळ झालं, पोरींनी रडून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला कुठेच जायचं नव्हतं. मी चहा घेऊन मायपाशी बसले. तिचे हात आता फार बारीक झाले आहेत. मी एक हात धरला. कित्येक वर्षांत मी तिच्यापाशी अशी बसले नव्हते. "माय," मी म्हणाले, "मी आता घरीच हावो. नोकरी संपली माही. दिवसभर तुह्यापाशीच बसतो. आता कोनाले काई सांगा लागत नाई तुले. समजलं काय? काईच नाई सांगाचं."

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मला वाटलं, पोचलं. मग ती उठायला लागली. "मी न्हानीत जाऊन राह्यली."

"नोको ना वं सांगू, माय. पाय पडतो तुह्या."

ती उभी राहिली, एक हात भिंतीला. माझे केस तिने मागे सारले. किती विरळ झालेत, ते तिला दिसलं की नाही कोण जाणे. "सांगतलं नाई," ती म्हणाली, "तं तू शाळेत कशी जाशीन?"

भिंतीवरचं घड्याळ शाळेच्या वेळेला आलं होतं. ती थांबून होती, माझ्याकडे पाहत, हलेना. मी उठले. पर्स काढली, चपला घातल्या. "येतो वं माय," म्हणाले, आणि बाहेरून दार ओढून जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. आतून तिचा आवाज आला, मोकळा, सावकाश, पोरगी वेळेवर शाळेत गेली म्हणून निश्चिंत झालेल्या बाईचा आवाज, आणि मी पदर तोंडात कोंबला.